धाकट्याच्या पावलानं सिंगापूर: नागपूरहून मुलांना घेऊन परदेशी निघताना

सिंगापूरच्या चांगी विमानतळाला लागून ‘ज्वेल’ नावाची काचेची इमारत आहे. तिच्या छतातून ४० मीटर उंचीवरून धबधबा कोसळतो. आम्ही पाच जण त्याच्यासमोर उभे होतो. सासूबाईंनी हात जोडले, नऊ वर्षांच्या थोरलीनं फोटोसाठी मोबाईल मागितला आणि साडेचार वर्षांचा बाबू धबधब्याकडे पाठ करून म्हणाला, “आई, तो जिना पुन्हा.” सरकत्या जिन्यावर वर, मग खाली, मग परत वर. सात फेऱ्या झाल्या.

त्या सात फेऱ्यांना आमच्याकडे वेळ होता, कारण पहिल्या दिवशी आम्ही मुद्दाम काहीच ठरवलं नव्हतं. आदल्या वर्षी थायलंडला गेलो तेव्हा हे शहाणपण नव्हतं. एका टूर कंपनीच्या बसमध्ये बसून पाच दिवसांत दोन शहरं आणि एक बेट केलं. रोज सकाळी सहाला उठवलेलं पोरगं तिसऱ्या दिवशी तापानं फणफणलं आणि बेट मी हॉटेलच्या खिडकीतून पाहिलं. तेव्हापासून घरात एकच नियम आहे. प्लॅन सगळ्यात लहान पावलाच्या मापानं करायचा, मोठ्यांनी त्यात आपलं बसवून घ्यायचं. पुढे जे लिहितेय ते सगळं या एका नियमातून आलेलं आहे. उदाहरणं सिंगापूरची आहेत, पण निम्म्याहून जास्त गोष्टी कुठंही लागू पडतील.

आधी घराजवळ रंगीत तालीम

ठिकाण ठरवायच्या आधी दोन रात्रींची जवळची सहल करा. आम्ही पचमढीला गेलो. घाटात कोण ओकतं, बाहेरच्या गादीवर कोण झोपत नाही, सासूबाईंचे गुडघे किती पायऱ्यांना बोलायला लागतात, हे तिथं कळलं. बाबू सलग चाळीस मिनिटं चालतो, मग कडेवर येतो. हा आकडा आमच्या अख्ख्या सिंगापूरच्या आखणीचा पाया होता. नवीन बूट असतील तर ते घालून पंधरा दिवस अंबाझरीच्या बागेत फिरवा. परदेशात पहिल्याच दिवशी टाचेला फोड आला की उरलेली सहल टॅक्सीत जाते.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याकडे उघडतात. त्याचा फायदा घेता येतो. मुंबई-पुण्याच्या शाळा सुरू झाल्यावरही आपली पोट्टी घरीच असतात. त्या दिवसांचे भाव पाहून ठेवा. आम्ही मात्र दिवाळीची सुट्टी धरली. सिंगापूर विषुववृत्ताला चिकटून आहे, तिथं बारा महिने उकाडा आणि पाऊस. हिवाळा शोधत जाऊ नका.

पहिल्या परदेशवारीला वेळेचा फरक कमी असलेला देश बरा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्यामुळे मुलं सकाळी उशिरा उठतात, रात्री उशिरा झोपतात, एवढंच होतं. युरोप-अमेरिकेत लहान मुलाचं झोपेचं गणित बसायलाच तीन-चार दिवस लागतात.

कागद: इथं घाई नको

प्रवासाच्या किमान चार महिने आधी मुलांच्या पासपोर्टला हात घाला. अर्ज ऑनलाइन भरायचा, पैसे भरून वेळ घ्यायची आणि मुलाला घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. १८ वर्षांखालच्यांना साध्या अर्जाचं शुल्क १००० रुपये आहे आणि नवीन अर्ज असेल तर आठ वर्षांखालच्या मुलांना त्यात १० टक्के सूट मिळते. तत्काळला २००० रुपये वेगळे. चार वर्षांखालचं मूल असेल तर पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो घरून न्यावा लागतो, मोठ्यांचा फोटो तिथंच काढतात. दोन्ही पालकांच्या सह्यांचं संमतिपत्र लागतं, त्याला अनेक्शर डी म्हणतात. एकच पालक अर्ज करत असेल तर अनेक्शर सी. आईवडिलांचे पासपोर्ट चालू असतील, त्यात जोडीदाराचं नावही असेल, तर मुलांच्या बाबतीत पोलीस पडताळणीची भानगड सहसा राहत नाही.

आमचं घोडं अडलं ते जन्मदाखल्यावर. बाबूच्या दाखल्यात नावाचा रकाना कोरा होता! कारण साधं आहे. दवाखान्यानं जन्माची नोंद दुसऱ्याच दिवशी पाठवली आणि आमच्याकडे बारसं बाराव्या दिवशी झालं. मधल्या काळात नाव कोण कळवणार, मी की त्याचे बाबा, यात कोणीच कळवलं नाही. जन्मानंतर वर्षभरात नाव टाकायला पैसे लागत नाहीत. त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत टाकता येतं. आम्ही दोन चकरा मारल्या, पण काम झालं. तुमच्याकडचा दाखला आज रात्रीच कपाटातून काढून बघा. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच चालतो, दुसरं काही नाही.

दुसरी गाठ खास आपल्या नावांची. माझा पासपोर्ट लग्नाआधीचा, माहेरच्या नावाचा. मुलांच्या दाखल्यात आईचं नाव सासरचं. म्हणजे कागदोपत्री मी माझ्या मुलांची आई नाहीच. यावर दोन उपाय. एक तर आपला पासपोर्ट नव्या नावानं करून घ्या, नाहीतर दाखल्यातलं आईचं नाव पासपोर्टशी जुळवून घ्या. मी पहिला केला. “लग्नाचा दाखला जवळ ठेवू, होऊन जाईल” असा तिसरा उपाय नातेवाईक सांगतात. तो चालला तर चालला, काउंटरवर अडला तर मूल हातात घेऊन तुम्हीच उभ्या राहणार. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नावही घातलंय. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. अशा घरांत स्पेलिंग जुळवायला आणखी एक नाव वाढलं. आधार, दाखला, पासपोर्ट, तिन्हीकडे एकेक अक्षर बोटानं धरून वाचा.

मुलांच्या पासपोर्टची मुदत पाच वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. १५ ते १८ वयात दहा वर्षांचाही घेता येतो. पण बऱ्याच देशांना मुदत संपायला किमान सहा महिने बाकी असलेला पासपोर्ट लागतो. म्हणजे हातात खऱ्या अर्थानं साडेचारच वर्षं.

नवरा-बायकोपैकी एकच जण मुलांना घेऊन जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र सोबत ठेवा. कोणी विचारलं नाही तर उत्तम.

तिकीट: मुंबईचा खड्डा

नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळाच्या नावात आंतरराष्ट्रीय आहे खरं, पण थेट परदेशी विमानं मोजकी, तीही आखाताच्या बाजूची. सिंगापूर, बाली, व्हिएतनाम म्हटलं की मुंबई, दिल्ली, हैदराबाद किंवा चेन्नईला बदलावंच लागतं. नागपूर ते मुंबई दीड तास, मुंबई ते सिंगापूर साडेपाच तासांच्या आसपास. त्रास या दोन उड्डाणांचा नसतो, मधल्या वेळेचा असतो.

नागपूर ते सिंगापूर एकाच तिकिटावर काढा, म्हणजे एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर). पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय करणं विमान कंपनीच्या गळ्यात येतं. दोन वेगळी तिकिटं काढून चार-पाच हजार वाचवले आणि मुंबईचं विमान दोन तास लेट झालं, तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय देशांतर्गत विमान टर्मिनल एकला उतरलं आणि परदेशीचं टर्मिनल दोनहून असलं तर सामान, पोरं, सासूबाई असा सगळा लवाजमा रस्त्यानं न्यायचा. वेगळीच तिकिटं काढायची असतील तर आदल्या दिवशी मुंबईत पोचा. रात्रीची विदर्भ एक्सप्रेस आहे, दुरांतो आहे. आता समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर पूर्ण झाल्यापासून “गाडीनंच जाऊ” म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात. लहान मुलं असतील तर त्यांचं ऐकू नका.

नागपूरला सामान देताना बॅगेला चिकटवलेल्या पट्टीवर शेवटचं शहर कोणतं छापलंय ते स्वतः वाचा. आमचं थेट सिंगापूर होतं, मुंबईत फक्त इमिग्रेशन झालं.

दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसतं, त्याचं भाडं नाममात्र. पण सहलीच्या मध्येच ते दोन वर्षांचं होत असेल तर परतीला त्याची वेगळी सीट घ्यावी लागते. वाढदिवस परदेशात करायची हौस असलेल्यांनी हे धरून चालावं. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या डीजीसीए या सरकारी संस्थेनं २०२४ मध्ये विमान कंपन्यांना सांगितलंय की १२ वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाजवळ बसवायचं. तरीही चेक-इन उघडल्याबरोबर जागा बघून घ्या.

व्हिसा आणि ते अरायव्हल कार्ड

भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो, बाळालासुद्धा. तो अधिकृत एजंटमार्फत ऑनलाइन होतो, सरकारी शुल्क ३० सिंगापूर डॉलर, एजंटची फी वेगळी. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, मॅट कागदावर. थायलंड आणि मलेशियानं २०२३ च्या शेवटी भारतीयांना व्हिसा माफ केला, पण हे नियम सरकारं मध्येच बदलतात. तिकीट काढायच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा, व्हॉट्सॲपवर आलेलं जपून ठेवू नका. युरोपचा विचार असेल तर शेंगेन व्हिसाचं (एकाच व्हिसावर युरोपातले बरेच देश) शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५ आणि सहाखालच्यांना काहीच नाही. १२ वर्षांखालच्यांना बोटांचे ठसेही द्यावे लागत नाहीत.

सिंगापूरला पोचण्याच्या तीन दिवसांच्या आत प्रत्येकाचं अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणारी साइट दिसली की समजा चुकीच्या दारात उभे आहात. थायलंड आणि मलेशियातही असंच डिजिटल कार्ड आहे. आम्ही पाच जणांचं शनिवारी रात्री जेवणानंतर भरायला बसलो आणि थोरलीनं पासपोर्ट नंबर वाचून दाखवायचं काम घेतलं. तिला त्यात एवढी मजा आली की पुढची पूर्ण सहल ती “कागदवाली बाई” होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला असं एक खरं काम द्या. कुरकूर निम्मी होते.

पैसे

थोडी रोकड, एक फॉरेक्स कार्ड (आधीच परदेशी चलन भरून ठेवलेलं) आणि अडीअडचणीला क्रेडिट कार्ड, एवढं पुरतं. साध्या क्रेडिट कार्डावर परदेशी खरेदीला दोन ते साडेतीन टक्के जास्तीचे लागतात, वर त्यावर जीएसटी. दुकानात मशीनवर “रुपयांत की डॉलरमध्ये?” असं विचारलं तर नेहमी तिथलंच चलन निवडा. रुपये निवडले की दर दुकानाच्या बाजूचा ठरवतात आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो. टूर पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस (विकतानाच घेतला जाणारा आयकर) कापला जातो. त्याचा दर बजेटमध्ये बदलत असतो. तो बुडत नाही, रिटर्न भरताना वळता होतो. फक्त कोणाच्या पॅनवर कापला हे लिहून ठेवा. आमच्याकडे थायलंडच्या वेळी सासऱ्यांच्या पॅनवर कापला गेला होता आणि ते आलेच नव्हते.

सिंगापूर डॉलर सत्तर रुपयांच्या आसपास धरा. पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्टीला सत्तरनं गुणाल. पाणी विकत घेऊ नका, तिथलं नळाचं पाणी पिण्यासारखं असतं.

राहायचं कुठं

पाच माणसं एका खोलीत मावत नाहीत. तिथली हॉटेलं माणसं मोजून खोली देतात, “पोरं काय, खाली गादी टाकू” चालत नाही. घर भाड्यानं घेऊ म्हणाल तर सिंगापूरमध्ये खासगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीला देणं बेकायदा आहे, स्वस्त दिसलं तरी फसू नका. आम्ही आतून दार असलेल्या दोन खोल्या घेतल्या, लिटिल इंडिया या भारतीय वस्तीजवळ. एका खोलीत सासूबाई आणि थोरली. दहा मिनिटांवर टेक्का सेंटर हा बाजार, तिथं सकाळी इडली, डोसा. मेट्रो स्टेशन चालत पाच मिनिटं. मुलं असतील तर हॉटेल स्वस्त-महाग बघण्याआधी स्टेशन किती पावलांवर आहे ते बघा. दुपारी परत येऊन झोपता आलं पाहिजे.

बॅग, आणि अनारशांची गोष्ट

दिवाळीच्या चार दिवसांनी निघायचं होतं. सासूबाईंनी फराळाचा डबा भरला. चकल्या, शेव, चिवडा, आणि वरच्या थरात अनारसे, खसखशीवर थापलेले, जाळी पडलेले, एकावर एक रचून. मी यादी घेऊन बसले होते.

“आई, अनारसे नाही नेता येणार.”

“काहून? आंबलेत काय?”

“खसखस आहे त्यावर.”

त्यांना वाटलं मी थट्टा करून राहिले. खसखस अफूच्या बोंडातली असते. सिंगापूर आणि यूएईत ती आणायला बंदी आहे. दुबई-शारजावरून जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवायचं. फक्त अनारसेच नव्हे, घरचा सावजी मसाला किंवा काळा मसाला पुडीत बांधून नेताय, त्यातही खसखस भाजून घातलेली असते. आईनं “बाहेर जेवण कसं मिळते, थोडा मसाला ने बाप्पा” म्हणून कोपऱ्यात सरकवलेली पुडी कस्टमला सांगता येत नाही. डबा शेजारच्या काकूंकडे गेला.

मग काय न्यायचं? सुकं खोबरं विमानात चालत नाही, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेतं म्हणून. लोणचं आणि तूप हातातल्या बॅगेत टाकू नका. हातातल्या बॅगेत पातळ पदार्थ १०० मिलिलिटरपर्यंतच, बाळाच्या खाण्या-दुधाला सवलत असते. आमच्या मोठ्या बॅगेत होतं ते असं: भाजलेल्या मुगाची खिचडी कोरडीच मिसळून (डाळ, तांदूळ, हळद, मीठ, जिरं) चार पुड्या, मेतकूट, शेंगदाण्याचे लाडू, खाकरा, पातळ पोह्यांचा चिवडा आणि छोटा इलेक्ट्रिक कुकर. हॉटेलात खोलीत शिजवू देतात का ते आधी विचारा. आमच्याकडे दिलं. बाबूनं सहलीत सगळ्यात जास्त ती खिचडीच खाल्ली. सिंगापूरला प्लग तीन चौकोनी पट्ट्यांचा लागतो, त्याचा अडॅप्टर इथूनच सीताबर्डीवरून घ्या, तिथं महाग पडतो.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका, ती हातातल्या बॅगेतच न्यायची असते. आता अनेक विमान कंपन्या विमानात ती वापरूही देत नाहीत, म्हणून मोबाईल आधीच चार्ज करून चढा. च्युइंग गम नेऊ नका, सिंगापूरनं ते १९९२ पासून बंद केलंय. ई-सिगारेटही नको. काकालोकांना बजावून सांगा.

प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा. एक बॅग हरवली तर कोणीच उघडं पडत नाही.

औषधांची पिशवी

मुलांच्या डॉक्टरांना महिनाभर आधी भेटा. राहिलेल्या लसी, उलटीचं औषध, तापाचं औषध वजनाप्रमाणे किती मिलिलिटर, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्या. प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं मूळ नाव हवं, नुसता ब्रँड नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या गोळ्या, यांवर सिंगापूर आणि आखाती देशांत कडक नियम आहेत. सासूबाईंची गुडघ्याची गोळी आम्ही त्याच कारणानं तपासून घेतली. बाकी ओआरएस, थर्मामीटर, पट्ट्या, त्यांच्या बीपीच्या गोळ्या दोन भाग करून दोन बॅगांत. विमानात मूल झोपावं म्हणून कोणी औषध सुचवलं तर देऊ नका. आणि प्रवास विमा काढा. आजीआजोबांचा विमा काढताना आधीचे आजार खरे लिहा, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच वर येतं.

विमानात

विमान खाली उतरताना कान दुखतात, म्हणून त्या वेळी गिळायला काहीतरी द्या. बाळाला दूध, मोठ्याला लिमलेटची गोळी. अर्ध्या तासाला एक अशी छोटी वस्तू कागदात गुंडाळून ठेवली होती: चिकटचित्रं, दोरा-मणी, रंगखडू. महाग काही नाही. बाबू कागद सोडवण्यातच रमला. थोरली खिडकीतून ढग बघत राहिली आणि तिला काही द्यावंच लागलं नाही.

तिथला रोजचा दिवस

एका दिवसाला एकच मोठी गोष्ट, तीही सकाळी. दुपारी खोलीवर खिचडी आणि झोप. संध्याकाळी मोकळं. सहा दिवसांत आम्ही पाहिलं ते प्राणिसंग्रहालय, पक्ष्यांचं बर्ड पॅराडाइज, सेंटोसा बेट, आणि लिटिल इंडियातला रोषणाई केलेला सेरांगून रोड, जिथं दीपावली आपल्यापेक्षा मोठ्या दिव्यांनी करतात. एवढंच. युनिव्हर्सल स्टुडिओ गाळला. तिथल्या बऱ्याच राइडना उंचीची अट असते. बाबूची उंची घरीच दाराच्या चौकटीवर मोजली होती, तो रडत बाहेर उभा राहिला असता. तिकिटं काढण्याआधी मुलाची उंची मोजा, वय नव्हे. नाइट सफारी, म्हणजे रात्रीचं प्राणिसंग्रहालय, मला फार बघायची होती. ती रात्री सुरू होते, बाबू आठला झोपतो. एका रात्री नवरा आणि थोरली गेले, दुसऱ्या रात्री मी एकटी. आठवडाभरात एक संध्याकाळ दोघांनी वाटून घेणं ही चैन नाही, गरज आहे.

फिरायला मेट्रो आणि बस. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं, एका कार्डावर दोघं जाता येत नाही. ९० सेंटीमीटरपेक्षा बुटकं मूल मोठ्यांसोबत फुकट. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली की तिकिटाशिवायची राइड झाली म्हणायची. बाबूनं बसमधून एक उड्डाणपूल पाहिला आणि मागच्या तमीळ आजोबांना सांगितलं, “आपल्या वर्धा रोडला डबल डेकर पूल आहे, वरून मेट्रो जाते.” त्यांना मराठी कळलं नाही, पण मान हलवली.

टॅक्सीचा एक बारकावा. तिथं १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला गाडीत खास सीट लागते. रस्त्यावरच्या टॅक्सीला यातून सूट आहे, ॲपवरून बोलावलेल्या खासगी गाडीला नाही. मुलं असतील तर टॅक्सीच बोलवा किंवा ॲपमधला मुलांच्या सीटचा पर्याय निवडा.

आता हरवण्याबद्दल. निघण्याआधी घरी चार वेळा पाठ करून घेतलं होतं: गाडीत पुढे कोणी गेलं तर पुढच्या स्टेशनवर उतरायचं आणि तिथंच थांबायचं, मागचे येतात. प्रत्येक मुलाच्या खिशात हॉटेलचं कार्ड, शर्टाच्या आत माझा नंबर बॉलपेननं लिहिलेला. चौथ्या दिवशी लिटिल इंडिया स्टेशनवर सासूबाई आणि बाबू आत गेले, मी थोरलीच्या बुटाची लेस बांधत होते, दार बंद झालं. काचेतून सासूबाईंनी एक बोट वर केलं. म्हणजे एक स्टेशन. पुढची गाडी चार मिनिटांनी आली, ती चार मिनिटं मी मोजलीत.

पुढच्या स्टेशनवर ते दोघं बाकावर बसलेले. सासूबाईंची उजवी मूठ घट्ट मिटलेली. बाबूला भूक लागली होती, त्यांनी पिशवीतून चिवडा काढला आणि मग आठवलं की मेट्रोत खाल्लं तर पाचशे डॉलरपर्यंत दंड. डब्यात परत टाकता येईना, बाबूला देता येईना. “माह्या मुठीतच राहू दिला बाप्पा. पाचशे डॉलर म्हणजे किती होते?” आम्ही बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा मूठ उघडली. चिवडा ओला झालेला, पोहे हाताला चिकटलेले. बाबूनं तो तसाच खाल्ला.

परत येताना

शेवटचा दिवस मोकळा ठेवा आणि विमानतळावर लवकर जा. सिंगापूरच्या इमिग्रेशनची आपोआप उघडणारी फाटकं सहा वर्षांवरच्यांसाठी आहेत, त्याखालच्याला घेऊन माणूस बसलेल्या काउंटरवर जावं लागतं, तिथं रांग असते. मुंबईत उतरल्यावर सामान घेऊन कस्टममधून बाहेर येऊन परत नागपूरच्या विमानासाठी द्यावं लागतं. जातानासारखं थेट जाईल असं धरू नका, मध्ये किमान तीन-चार तास ठेवा.

घरी आल्यावर दोन कामं त्याच आठवड्यात करा, नंतर होत नाहीत. फॉरेक्स कार्डातले उरलेले पैसे परत घ्या आणि पाचही पासपोर्टच्या मुदतीच्या तारखा सहा महिने आधीच्या करून मोबाईलमध्ये टाका.

तिसरं काम म्हणजे अनारशांचा डबा आणणं. शेजारच्या काकूंनी तो घासूनपुसून दिला, रिकामा देत नाहीत म्हणून आत सहा संत्री. “चांगले झाले होते,” त्या म्हणाल्या, “पण खसखस जरा जास्तच लागली होती जी.”